लस चुकलेल्या पाच गायी : दौंड तालुक्यातील एका गोठ्यातील लाळ्या-खुरकूत आणि दुधाची घट

पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात, भीमेच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या एका गावातील हा गोठा आहे. गोठ्यात होल्स्टीन फ्रिजियन संकरित चौदा मोठ्या गायी होत्या. त्यांपैकी अकरा दुधात आणि तीन आटवलेल्या. रोजचे एकूण दूध सरासरी 150 लिटर होते आणि ते गावातील संकलन केंद्रावर जात असे. जागा कमी असल्याने गायी बांधूनच सांभाळल्या जात. धारा यंत्राने निघत, परंतु प्रत्येक गायीचे सकाळ-संध्याकाळचे दूध काट्यावर मोजून वहीत टिपण्याची शिस्त या घरातील वहिनींनी काही वर्षांपासून पाळली होती. ही वही नसती तर हे प्रकरण लिहिण्यात फारसा अर्थ राहिला नसता. आजार कोणता हे लक्षणांवरून कोणत्याही पशुवैद्यकाला कळले असते, परंतु त्या आजाराने कोणत्या गायीचे किती दूध नेले आणि त्यातले किती परत आले, हे केवळ वहीतूनच समजले.

लाळ्या-खुरकूत हा पिकॉर्ना कुलातील ॲफ्थो विषाणूमुळे होणारा आजार आहे. जगात या विषाणूचे सात प्रकार नोंदले गेले असून भारतात सध्या ओ, ए आणि एशिया-1 हे तीन प्रकार आढळतात व लसीतही हेच तिन्ही असतात. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाची सुरुवात सप्टेंबर 2019 मध्ये झाली. त्याअंतर्गत गाय-म्हैस वर्गातील जनावरांना दर सहा महिन्यांनी ही लस मोफत दिली जाते आणि कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावर तिची नोंद होते. चार महिन्यांच्या वासराला पहिली मात्रा आणि महिन्याभराने बूस्टर द्यायचा असतो. हे सर्व दूध उत्पादकांना बहुधा ठाऊक आहे. या गोठ्यातही लसीकरण झाले होते, मात्र सर्व गायींचे झाले नव्हते.

चौदांपैकी नऊ गायींना सप्टेंबरच्या फेरीत लस मिळाली होती आणि पाच लसीविना होत्या. राहिलेल्यांपैकी राणी, चांदी आणि सुंदरी या तिघी गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात होत्या. अशा गायीला पकडताना, दाबून धरताना होणाऱ्या धावपळीने ती गाभडू नये म्हणून लस पुढे ढकलण्याची पद्धत आहे आणि ती गैर नाही. उरलेल्या दोन गायी फेरी होऊन गेल्यावर, दिवाळीनंतर बाजारातून आणलेल्या होत्या. त्यांपैकी एकीच्या कानात बिल्ला नव्हता आणि दुसरीच्या बिल्ल्यावर अलीकडच्या लसीची नोंद सापडली नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिन्ही गाभण गायी व्यायल्या. तेव्हा दवाखान्यातून लस मागवता आली असती. परंतु मालकांनी मला नंतर जे सांगितले ते जिल्ह्यातील बहुतेक गोठ्यांत ऐकू येते : "आधी गाभण होत्या म्हणून नको म्हटलं डॉक्टर, आणि व्यायल्यावर ऐन दुधात आल्या. सुई दिली की दोन दिवस दूध मोडतं." लसीनंतर दोन-तीन दिवस दूध थोडे कमी होते, हे खरे आहे, ती घट तात्पुरती असते आणि आपोआप भरून निघते. मात्र या दोन कारणांनी मिळून गोठ्यातील नेमक्या सर्वाधिक दूध देणाऱ्या गायी संरक्षणाविना राहिल्या, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही.

डिसेंबरच्या मध्याला राणीला व्यायला चाळीस दिवस झाले होते आणि ती दिवसाला 24 लिटर देत होती. चांदी 21 आणि सुंदरी 19 लिटरवर होती. लस झालेल्या दुभत्या सहा गायींचे मिळून 66 लिटर आणि बाजारातून आणलेल्या दोघींचे 20 लिटर दूध होते. म्हणजे गोठ्याचे चाळीस टक्क्यांहून अधिक दूध लस न मिळालेल्या तीन ताज्या व्यायलेल्या गायींवर उभे होते.

याच काळात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो. बीड, अहिल्यानगर आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड टोळ्या बैलगाड्यांसह दौंड, शिरूर, इंदापूर, बारामती या तालुक्यांत उतरतात. तोडणीनंतर उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) विकत मिळते आणि हिवाळ्यात हिरव्या वैरणीचा तो मोठा आधार असतो. टोळीचे बैल ज्या फडात बांधलेले असतात, त्याच फडातील वाढ्याच्या मोळ्या त्याच बैलगाडीतून गोठ्याच्या दारापर्यंत येतात. विषाणू लाळेतून, शेणातून, खुरांना लागलेल्या चिखलातून आणि वैरणीतून पसरतो. थंड, दमट हवेत तो बराच काळ टिकतो. नंतर चौकशी केली तेव्हा कालव्याकडेच्या टोळीतील दोन बैल आधीच्या आठवड्यात लंगडत होते आणि त्यांच्या तोंडाला फेस येत होता, असे समजले. यात टोळीला दोष देण्यात काहीच हशील नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरची लसीकरण फेरी त्यांच्या गावी पोहोचेपर्यंत अनेकदा त्यांनी बैल जुंपून गाव सोडलेले असते आणि इथे ते परगावचे म्हणून कोणाच्या यादीत नसतात. त्यांचे बैलही या गायींसारखेच दोन फेऱ्यांच्या मधल्या फटीत सापडलेले असतात, आणि बैल बसला तर त्या कुटुंबाचा हंगामच बसतो.

वहीत पहिली खूण दिसते ती लाळ गळण्याच्या दोन दिवस आधी. राणीचे संध्याकाळचे दूध 11 लिटरवरून 9 वर आले आणि दुसऱ्या सकाळी ते आणखी उतरले. वहिनींनी फोनवर विचारले, "डॉक्टर, राणी दोन-तीन लिटर कमी देतीये. खातीये तशी बरी. वाढ्यानं पोट बिघडलं असेल का?" वैरण बदलली की दूध हलते, त्यामुळे हा अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु ताप मोजायला सांगितला तेव्हा तो 104.8 अंश फॅरेनहाइट निघाला. बाधित गायीच्या दुधात लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच विषाणू उतरू लागतो आणि कासेतील दूध तयार करणाऱ्या पेशींमध्ये त्याची वाढ होते. दूध कमी होणे हा या आजाराचा उशिराचा परिणाम नव्हे. पुष्कळदा ते त्याचे पहिले लक्षण असते.

तिसऱ्या दिवशी मी गोठ्यात पोहोचलो तेव्हा राणी गव्हाणीवर मान टाकून उभी होती. तोंडातून लाळेच्या तारा थेट जमिनीपर्यंत लोंबत होत्या आणि ओठांची मचमच गोठ्याच्या दारातूनच ऐकू येत होती. जीभ बाहेर ओढताच टोकाकडील कातडीचा हाताएवढा पापुद्रा सुटून माझ्या बोटांत आला व खालचा लालभडक भाग उघडा पडला. मागचा उजवा पाय ती उचलून झटकत होती. खुरांच्या बेचक्यात फोड फुटून भेग पडली होती. सुंदरीच्या मागच्या उजव्या सडाच्या अगदी तोंडावर वाटाण्याएवढा फोड होता. जिभेच्या पापुद्र्याचा नमुना औंध येथील प्रयोगशाळेकडे पाठवला. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यानुसार या आजाराची वर्दी देणे बंधनकारक असल्याने पशुवैद्यकीय दवाखाना व ग्रामपंचायत यांना कळवले आणि गोठ्यातून जनावरांची ने-आण थांबवली.

पुढील आठवड्यात बाजारातील दोन्ही गायी आणि चांदी आजारी पडल्या. लस झालेल्या नऊ गायींपैकी दोघींना तोंडात बारीक फोड आले, एक-दोन दिवस खाणे मंदावले आणि त्या सावरल्या. उरलेल्यांना फोड आले नाहीत. सर्वांत वाईट दिवशी गोठ्याचे एकूण दूध 74 लिटर निघाले. तीन ताज्या गायी 64 वरून 15 वर, बाजारातल्या दोघी 20 वरून 7 वर आणि लस झालेल्या सहा जणी 66 वरून 52 वर आल्या होत्या. संकलन केंद्रावर एसएनएफ (दुधातील स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) 8.5 च्या खाली जाऊन दरात कपात होऊ लागली, ती वेगळीच.

त्या आठवड्यातील मृत्यू गायीचा नव्हता. सुंदरीची तीन आठवड्यांची कालवड सकाळी बादलीतले दूध पिऊन उभी राहिली आणि दुपारपर्यंत मेलेली आढळली. तिच्या तोंडात एकही फोड नव्हता. लहान वासरांत हा विषाणू हृदयाच्या स्नायूंवर हल्ला करतो आणि लक्षणे उमटण्याआधीच वासरू जाते. तिला पाजले जाणारे दूध त्या दिवसांत राणीच्या धारेतले होते. माणसाला हा आजार होणे अत्यंत दुर्मीळ आहे, परंतु बाधित गोठ्यातील कच्चे दूध वासरांना पाजणे म्हणजे विषाणू हाताने पाजण्यासारखे आहे. उरलेल्या वासरांना त्या दिवसापासून चांगले उकळून गार केलेले दूध दिले.

दूध इतके का कोसळते, याचे उत्तर एका कारणात सापडत नाही. एक लिटर दूध तयार होण्यासाठी कासेतून सुमारे 400 ते 500 लिटर रक्त फिरावे लागते. ताप चढला आणि तोंड सोलवटून वैरण बंद झाली की त्या रक्तातून येणारा कच्चा मालच आटतो, आणि जो उरतो तो शरीर तापाशी व विषाणूशी झगडण्यात खर्च करते. ही घट सर्वांना दिसते, आणि ताप उतरून गाय खाऊ लागली की यातले बरेच दूध परतही येते. लस झालेल्या गायींची घट प्रामुख्याने याच स्वरूपाची होती, त्यामुळे त्या दहा-बारा दिवसांत पूर्ववत झाल्या.

दुसरी घट कासेच्या आत होते आणि ती अधिक घातक आहे. विषाणू दूध स्रवणाऱ्या पेशींनाच मारतो. या पेशी गाभणपणात व व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत संख्येने वाढतात; त्यानंतर त्या वेतात (एका व्यायण्यानंतरच्या दूध देण्याच्या काळात) गेलेल्या पेशी फारशा भरून येत नाहीत. पेशी उरल्या तरी त्यांतून दुग्धशर्करा कमी बनू लागते. दुधात पाणी किती ओढले जाणार हे दुग्धशर्करेवर अवलंबून असल्याने दुधाचे माप उतरते आणि एसएनएफही घसरते. गाय व्यायल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी दुधाच्या शिखरावर पोहोचते व तेथून हळूहळू उतरते. जी गाय शिखरावर पोहोचण्याच्या वाटेवर असताना आडवी पडते, तिचे संपूर्ण वेतच खालच्या पायरीवरून चालते. राणी बरी झाली, खाऊ लागली, अंगावर तुकतुकी आली, पण दूध 15 लिटरच्या वर गेले नाही. आजार झाला नसता तर त्या सुमाराला ती किमान 22 लिटरवर असती. ही सात लिटरची तफावत वेत संपेपर्यंत कमी होत जाईल असे मानून सरासरी पाच लिटर धरली, तरी उरलेल्या सुमारे 220 दिवसांत 1,100 लिटर दूध गेले. लिटरला 30 रुपये धरल्यास ते 33,000 रुपये होतात. आणि हा एका गायीचा हिशेब आहे, ज्यात औषधाचा एक रुपयाही मिळवलेला नाही.

तिसरी घट विषाणूची नाही, त्याने उघडलेल्या दाराची आहे. सडाच्या तोंडावर फोड आला की तिथली नैसर्गिक बंदिस्ती मोडते. गाय दुखण्याने लाथ मारते, भीतीने आणि वेदनेने पान्हा चोरते, कास पूर्ण रिकामी होत नाही. आणि आत साचून राहिलेले दूधच पुढच्या दुधाची निर्मिती थांबवण्याची सूचना पेशींना देते. त्याच वेळी साचलेल्या दुधात जिवाणू वाढतात आणि कासदाह होतो. सुंदरीच्या बाबतीत हेच घडले. यंत्राचा कप सडाला लावू दिला नाही म्हणून पहिले दोन दिवस त्या सडाची धार अर्धवट राहिली, तिसऱ्या दिवशी दुधात गाठी आल्या. जिवाणूंविरुद्ध प्रतिजैविक दिले, दिवसातून तीन-चार वेळा हाताने हलके पिळून सड रिकामे ठेवले, तरी ते कासेचे अंग वाचले नाही. मागच्या दोन भागांतून गायीचे निम्म्याहून अधिक दूध येते. मागचा एक भाग गेलेली सुंदरी सहा आठवड्यांनी 10 लिटरवर थांबली. चांदीच्या सडांना फोड नव्हते आणि ती 17 लिटरपर्यंत परत आली. एकाच विषाणूने, एकाच आठवड्यात, एकाच गोठ्यात या दोन गायींमध्ये जो फरक पडला त्याचे मूळ माझ्या मते मुख्यतः त्या वाटाण्याएवढ्या फोडाच्या जागेत आहे. म्हणून साथीत तोंड आणि खूर यांच्याइतकेच, किंबहुना त्यांच्या आधी, सड तपासावेत, असा माझा आग्रह आहे.

उपचाराबद्दल थोडक्यात. विषाणूवर थेट औषध नाही. ताप व वेदना यांसाठी मेलॉक्सिकॅम दिले. तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुऊन बोरोग्लिसरीन लावले, खुरे धुण्याच्या सोड्याच्या चार टक्के द्रावणाने धुतली; हेच द्रावण दारात पाय बुडवण्यासाठीही ठेवले, कारण विषाणू त्यात मरतो. वहिनींनी खोबरे, गूळ, हळद, मेथी, जिरे यांचा लेप जिभेवर लावला. हा उपाय राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सुचवते, आणि त्याने तोंडाची आग कमी होऊन गाय लवकर चघळू लागते असा अनुभव येतो. ज्वारीच्या पिठाची आंबील, भिजवलेला गव्हाचा भुसा आणि कोवळा बारीक चारा हाताने भरवला. कडबा आणि वाढे बंद ठेवले, कारण सोलवटलेल्या जिभेला त्यांची धार सोसत नाही. निरोगी गायींच्या धारा आधी, आजारींच्या शेवटी, असा क्रम लावला. पान्ह्याच्या इंजेक्शनचा सल्ला शेजारच्या एकाने दिला होता. त्याला मी स्पष्ट नकार दिला. दुखऱ्या सडातून दूध जबरदस्तीने खेचल्याने वेदना वाढतात आणि गाय धार काढणाऱ्यालाच घाबरू लागते. प्रतिजैविक दिलेल्या गायींचे दूध, ठरलेला काळ संपेपर्यंत, केंद्रावर पाठवले नाही. बिल आधीच निम्म्यावर आलेले असताना घरातले दूध ओतून देणे सोपे नसते. या कुटुंबाने ते केले, याची नोंद घेतली पाहिजे.

सहा आठवड्यांनी गोठ्याचे दूध 110 लिटर होते. म्हणजे 40 लिटर परत आले नाहीत. लस झालेल्या सहा गायींचे 60 लिटर होते आणि त्यांची सहा लिटरची घट वेत पुढे सरकल्यामुळे तशीही झालीच असती. तीन ताज्या गायींचे 64 चे 42 झाले. बाजारातल्या एकीचे 8 लिटरवर स्थिरावले. दुसरी पाच महिन्यांची गाभण होती, तीव्र तापात ती गाभडली आणि दुधातूनही आटली. परत न आलेल्या 40 लिटरपैकी 34 लिटर त्या पाच गायींचे होते. गोठ्यातील लसीकरणाचे प्रमाण विचारले असते तर चौदापैकी नऊ, म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश, असे उत्तर मिळाले असते आणि ते फार वाईटही वाटले नसते. दुधाच्या दृष्टीने पाहिले तर मात्र निम्म्याहून अधिक दूध उघड्यावर होते. लसीकरणाची टक्केवारी डोक्यांवर मोजली जाते, नुकसान लिटरमध्ये होते, आणि सप्टेंबरमध्ये गाभण म्हणून सुटणारी गाय डिसेंबरमध्ये शिखरावर असणे हा योगायोग नसून पंचांगाचा हिशेब आहे. पावसाळा संपता संपता फेरी होते, हिवाळ्यात गायी भरदुधात येतात आणि त्याच महिन्यांत ऊसतोडीमुळे जनावरांची मोठी हालचाल होते. दरवर्षी, याच क्रमाने.

यावर उपाय खर्चिक नाही. गाभण म्हणून लस चुकलेल्या गायीचे नाव वहीत वेगळे लिहावे, आणि ती व्याल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत, शिखरावर पोहोचण्याआधी, दवाखान्याला कळवून लस टोचून घ्यावी. तेव्हा दोन दिवस एखाद-दोन लिटर दूध कमी झाले तरी ते परत येणारे दूध आहे. संरक्षण तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणून शेजारच्या वस्तीवर लाळ गळू लागल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही. आजारी गायीला तर त्या वेळी लस देऊच नये. दवाखान्यांनीही फेरीच्या शेवटी राहिलेल्या जनावरांची यादी व्यायच्या अंदाजित तारखांसह ठेवली, तर हे काम केवळ मालकाच्या आठवणीवर राहणार नाही. बाजारातून आणलेले जनावर तीन आठवडे वेगळे बांधावे, बिल्ला व लसीची नोंद पाहूनच व्यवहार करावा. वाढे घेऊ नये असे मी सांगणार नाही, कारण हिवाळ्यात त्याला पर्याय थोडे आहेत. परंतु कोणत्या फडातून आले आणि तिथले बैल कसे आहेत हे विचारून घ्यावे आणि बैलगाडी गोठ्याच्या दाराबाहेरच रिकामी करावी.

प्रकरण जानेवारीत संपले नाही. एप्रिलमध्ये ऊन चाळिशीला टेकले तेव्हा राणी सावलीतही तोंड उघडून धापा टाकू लागली, अंगावरचे केस लांब व राठ झाले आणि दूध आणखी दोन लिटर उतरले. लाळ्या-खुरकुतातून उठलेल्या काही गायींत शरीराचे तापमान सांभाळण्याची शक्ती अशी कायमची कमी होते आणि त्यावर खात्रीचा उपचार नाही. दिवसातून तीनदा पाण्याचा फवारा व पंखा एवढेच करता येते. ती वेळेवर माजावरही आली नाही. बाजारातील गाभडलेली गाय मे महिन्यापर्यंत दोनदा भरवूनही गाभण राहिली नाही. चांदी मात्र मार्चमध्ये गाभण राहिली.

बऱ्या झालेल्या पाचही गायींना पुढच्या फेरीत लस देण्यात आली, कारण एका प्रकारच्या विषाणूने आजारी पडून आलेली प्रतिकारशक्ती उरलेल्या दोन प्रकारांपासून वाचवत नाही. वहीत आता प्रत्येक गायीच्या पानावर व्यायची तारीख आणि लसीची तारीख शेजारी शेजारी लिहिली जाते. येत्या सप्टेंबरमध्ये दोन गायी गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात असतील. त्यांची लस ऑक्टोबरच्या अखेरीला, टोळ्या उतरण्याच्या आधी घेण्याचे दवाखान्याशी बोलून ठरले आहे. सुंदरीला तीन सडांवर पुढच्या वेतासाठी ठेवायचे की विकायचे, हा निर्णय कुटुंबाने ती गाभण राहते का हे पाहून घ्यायचे ठरवले आहे.